दाताला तार, घरात फराळ : खेड्यातल्या आयांसाठी पण लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर पेपरात आरोग्याचं पान येतं, त्यात फटाक्यांपासून डोळे कसे जपायचे, शुगरवाल्यांनी काय खायचं हे सगळं असतं आणि आजकाल एका कोपऱ्यात ब्रेसेसवाल्या, म्हणजे दाताला तार लावलेल्या मुलांसाठी पण दोन ओळी असतात. कडक खाऊ नका, चिकट खाऊ नका, पॉपकॉर्न, कॅरॅमल, च्युइंगम टाळा. आता आमच्या घाटंजी तालुक्यात कॅरॅमल खाणारं एक तरी पोट्टं दाखवा मला. इथे फुटाणे आहेत, डाळवं आहे, चकली आहे, तुळशीच्या लग्नातला ऊस आहे, संक्रांतीचे चिक्कीच्या गुळाचे लाडू आहेत, त्यातलं काय चालतं अन काय नाही चालत हे कोणी लिहीतच नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मी अंगणवाडी सेविका आहे आणि माझी मुलगी नववीत, तिच्या दाताला तार आहे. काही वर्षांआधी तार म्हणजे शहरातल्या पोरांचं काम वाटायचं, आता आमच्या गावातच किती पोरं तारेची दिसतात. समोरचे दात पुढे असले की सायकलवरून पडल्यावर आधी तेच तुटतात, दातावर दात चढलेला असला की त्यात घास अडकून कीड लागते, म्हणजे हे फक्त फोटोसाठी नाही. तरी कोणी ना कोणी विचारतंच, लग्नासाठी करून ऱ्हायले का. चालू द्या.

तर खेड्यातली खरी अडचण अशी, की तारेचे डॉक्टर तालुक्याला रोज बसत नाहीत. दवाखाना दुसऱ्या डॉक्टरचा असतो, तारेचे डॉक्टर मोठ्या शहरातून महिन्यातून एखाददा येतात, ठरलेल्या तारखेला सगळ्या पोरांच्या तारा टाईट करतात, रबर बदलतात अन जातात. एरवी हे बरोबर बसतं कारण तारेची तारीख तशीही ४ ते ६ आठवड्यांनीच असते. पण हीच तारीख धनत्रयोदशी ते भाऊबीजेच्या मधात आली की झालं, दवाखाना बंद, डॉक्टर त्यांच्या गावाला, आणि पोरगी नेमकी त्याच आठवड्यात मामाकडे जाऊन चकली फोडते. शहरात पोराचं ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा चौकोनी तुकडा, निघालं तर संध्याकाळी गाडी काढून क्लिनिकला जातात. इथे ब्रॅकेट निघालं तर सोयाबीन काढून ऱ्हायलो, कापूस वेचाले माणसं मिळत नाहीत, एसटीला मुंगी शिरायला जागा नाही, अशा वेळी यवतमाळला कोण नेणार. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासूनचं आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला दंत महाविद्यालय आहे, अमरावतीलाही आहे, पण निघालेलं एक ब्रॅकेट घेऊन सणात तिथे जाणं म्हणजे मजुरी बुडवून दिवस घालवणं.

आणि ब्रॅकेट निघालं तर निघालं, असं नसतं ते. तार दाताला हळूहळू ओढते, दाताभोवतीचं हाड एका बाजूने झिजतं दुसऱ्या बाजूने भरतं, तेव्हा दात सरकतो, म्हणून तर दीड-दोन वर्षं लागतात. ज्या दाताचं ब्रॅकेट सुटलं त्या दातावर तारेचा ताबा राहत नाही, तो थांबतो नाहीतर मागे जातो. महिनाभर तसंच राहिलं तर आधीची मेहनत त्या दातापुरती गेली. पुढच्या तारखेला परत चिकटवायचं, कधी परत बारीक तारेपासून सुरू करायचं, म्हणजे ट्रीटमेंट लांबली अन हप्तेपण लांबले.

आता खाण्याचं. आमच्याकडे हे दिवाळीपासून सुरूच होत नाही. भुलाबाईपासून सुरू होतं. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी रोज संध्याकाळी एकेकीच्या अंगणात जमतात, गाणी म्हणतात, मग खिरापत ओळखायची, डबा हलवून आवाजावरून. ज्यांनी विदर्भात लहानपण काढलं त्यांना माहीत आहे की डबा जितका खडखड वाजतो तितकी मजा. खडखड वाजणारं म्हणजे काय, फुटाणे, शेंगदाणे, खडीसाखर, सुक्या खोबऱ्याचे तुकडे. सगळं ब्रॅकेटचं वैरी. आता पोरीला भुलाबाईला जाऊ नको म्हणणारी आई मी तरी नाही, आणि ती गेली की बाकीच्या पोरी खाणार अन ही तोंड बघत बसणार का? आम्ही आयांनी मिळून एक केलं, ज्या घरची पाळी त्या घरी खिरापतीचा एक प्रकार मऊ ठेवायचा. केळाचं शिकरण, शिरा, दुधातली शेवई, दह्यातले मुरमुरे, भिजवलेल्या मुगाची कोशिंबीर. शिऱ्याच्या डब्याचा आवाजच येत नाही म्हणून पोरींना ओळखायला जास्तच वेळ लागतो, भांडणं होतात, ते वेगळं.

मग दिवाळी. फराळात सगळंच बंद करायची गरज नाही हे आधी सांगते, कारण सगळं बंद म्हटलं की पोरं लपून खातात आणि लपून खाताना घाईत कचकन चावतात. बेसनाचा लाडू मऊ असतो, चालतो. रव्याचा पाक पक्का झाला तर दगड होतो, तो नको, कच्च्या पाकाचा नाहीतर बिनपाकाचा करा. बारीक शेव चालते. पातळ पोह्याचा चिवडा चालतो पण त्यातून डाळवं, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप निवडून काढा, नाहीतर तिच्यापुरता वेगळाच करा, दहा मिनिटांचं काम आहे. करंजी ताजी असेल तर हाताने मोडून. अनारशाची खसखस ब्रॅकेटच्या खाली अशी जाऊन बसते की अर्धा तास आरशासमोर, पण तुटत काही नाही. चकली आणि शंकरपाळे यांचा मात्र भरवसा नाही. चकली खुसखुशीत झाली तर तोंडात विरघळते, पण ती तशी दरवेळी होते असं छातीठोक सांगणारी सुगरण मला अजून भेटायची आहे. शंकरपाळे दुसऱ्या आठवड्यापर्यंत कडक होतातच. पोरगी ऐकत नसेल तर चहात बुडवून मऊ करून खाऊ द्या.

यात एक गोष्ट पोरं चुकवतात. त्यांना वाटतं की समोरच्या दाताने चावायचं नाही, दाढेने चावलं की झालं. पण दाढेवरही नळी चिकटवलेली असते नाहीतर रिंग बसवलेली असते, तारेचं टोक तिच्यात अडकवलेलं असतं, आणि कडक सुपारीसारखं काही दाढेखाली आलं की तीच नळी आधी निघते आणि तार गालात टोचते. म्हणून हाताने बारीक तुकडा करायचा, तो मऊ असेल तरच तोंडात. भुट्टा कणसावरून ओरबाडायचा नाही, दाणे सुरीने काढून द्या. पेरू फोडी करून. गाजर किसून. ज्वारीची भाकर कडक पापुद्र्याची असेल तर भाजीच्या रश्श्यात कुस्करून, तशी ती आपल्याकडे कुस्करूनच खातात. रोडगे असले की आतला मऊ भाग वरणात कुस्करा, वरचं जळकं टणक साल बाबांच्या ताटात.

गोडाचं मात्र वेगळं आहे आणि ते कोणी नीट समजावत नाही. लाडू मऊ आहे म्हणून सुटलो असं नाही. तोंडातले जंतू साखरेचं ॲसिड करतात, तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं जास्त आंबट) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या थरातून कॅल्शियम निघायला लागतं, आणि लाळेला ते परत जाग्यावर आणायला अर्धा तास ते तासभर लागतो. आता दिवाळीत आपण काय करतो, सकाळी एका घरी फराळ, तासाने दुसऱ्या घरी, दुपारी पाहुणे आले त्यांच्यासोबत परत एक लाडू. म्हणजे लाळेला वेळच मिळत नाही. ब्रॅकेटच्या भोवती हे चिकटून राहतं, आणि तार काढल्यावर दिसतं की ब्रॅकेट होतं तेवढा चौकोन चांगला अन त्याच्या भोवती पांढरे डाग. असे डाग पडायला वर्ष लागत नाही, नीट घासलं नाही तर महिनाभरातही दिसायला लागतात, आणि पूर्ण जात नाहीत सहसा. दात सरळ झाले आणि डागाळले, काय उपयोग. म्हणून गोड खायचंच तर जेवणासोबत एकदाच खा, दिवसभर चरत राहू नका, आणि प्रत्येक घरच्या फराळानंतर पाण्याने जोरात खळखळून चूळ. ती चूळ भरायला अंगणात मोरी आहे, लाजायचं काय त्यात. संत्र्याच्या फोडी खाल्ल्या तर लगेच ब्रश करू नका, आंबटाने दात थोडा नरम झालेला असतो, आधी चूळ, अर्ध्या तासाने ब्रश.

रात्रीचा ब्रश चुकवायचाच नाही. झोपेत लाळ कमी होते म्हणून. दिवाळीत रात्री बारापर्यंत फटाके, मग पोरं तशीच अंथरुणात जातात, त्यांना उठवून घासायला लावायचं, शिव्या खाव्या लागल्या तरी चालेल. तारेच्या वरून एकदा, खालून एकदा, ब्रश तिरपा धरून, आणि तारेच्या मागे जायला तो छोटा बाटली घासायच्या ब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश मिळतो तो वापरायचा. आमच्या सासूबाई म्हणतात निंबाच्या काडीने आमचे दात सत्तरीत पण शाबूत आहेत. खरंच आहेत. पण त्यांच्या दातावर ब्रॅकेट नव्हते, काडीचा टोला बसला की ब्रॅकेट हलतं आणि तारेखाली काडी पोचत नाही. लाल मंजन, राखेचं मंजन, सगळं तेच.

हळदीचं एक सांगते कारण पोरी यावरून रडतात. ब्रॅकेटवरचे रबर पांढरे किंवा पारदर्शक असले तर दोन दिवसात पिवळे होतात, आपल्या रश्श्यात हळद अन तर्री दोन्ही, ते टाळता येत नाही. त्याने नुकसान काही नाही, पुढच्या वेळी रबर बदलले की गेलं. सणाच्या आधीच्या तारखेला पोरीने गडद निळा नाहीतर करडा रंग घ्यावा, भाऊबीजेच्या फोटोत तोंड मिटून बसायची वेळ येत नाही.

आता पाण्याबद्दल, कारण हे फक्त आपल्या भागाचं आहे आणि यावर पेपरने खरंच एक पूर्ण पान द्यायला पाहिजे. यवतमाळ अन चंद्रपूर जिल्ह्यात किती गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे हे सगळ्यांना माहीत आहे, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याचं नाही. लहानपणी दात तयार होत असताना ते पाणी पोटात गेलं की दातावर पांढरे-तपकिरी पट्टे पडतात. ब्रॅकेट चिकटवायच्या आधी दात ॲसिड लावून थोडा खरखरीत करतात तेव्हा ते पकडतं, पण असा पट्टे पडलेला, म्हणजे फ्लोरोसिसचा दात त्या ॲसिडला लवकर दाद देत नाही, म्हणून अशा पोरांचे ब्रॅकेट जास्त निघतात. डॉक्टर नीट तयारी करतात, पण घरच्यांना हे माहीतच नसतं आणि ते पोराला रागावतात, तूच काही कडक खाल्लं असशील. पोरगं बिचारं खिचडी खाऊन आलेलं असतं. ज्यांच्या गावात असं पाणी आहे त्यांनी डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगावं आणि फ्लोराईडची पेस्ट वापरायची की नाही तेही त्यांनाच विचारावं, स्वतःच्या मनाने बंद करू नये. मोठ्या पोरांमध्ये पेस्टचं फ्लोराईड दाताला वरून लागतं आणि थुंकलं जातं, बोअरचं पाणी पोटात जातं, यात फरक आहे.

अन खर्रा. यावर बोललं की लोकांना राग येतो पण बोलते. गुटखाबंदी २०१२ ची आहे, खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, मात्र चौकाचौकात पन्नीत घोटून मिळतो, आणि सणात, लग्नात अकरावी-बारावीची पोरं हातावर घेतात. तार लावलेली पोरंपण. कडक सुपारी एका दिवसात दोन-तीन ब्रॅकेट काढू शकते, तेवढंच असतं तरी चाललं असतं. सुपारीने तोंडाची आतली चामडी आवळत जाते, सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, तोंड उघडणं कमी होत जातं, मग तारेचं काम करायला डॉक्टरचा हातच आत जात नाही. पुढे कॅन्सरची भीती वेगळी. लहान पोरांना गोड सुपारीच्या पुड्या देणारे मामा-काका पण यातच आले. दिवाळीच्या विड्यातली सुपारी तारेच्या पोराच्या ताटातून काढून टाका, देवाला चालते तशी.

सणात काही तुटलंच तर काय करायचं ते एवढं. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर ओढून काढू नका, दुखत नसेल तर तसंच राहू द्या, टोचत असेल तर ती जागा कोरडी करून तिथे मेण लावा. ते मेण डॉक्टर डबीतून देतात, वाटाण्याएवढं घेऊन बोटाने मळायचं अन दाबायचं. मेण संपलं तर दवाखान्याच्या कापसाचा छोटा बोळा तात्पुरता, कापसाच्या जिल्ह्यात तेवढं तर मिळेल. तारेचं टोक गालात घुसत असेल तर पेन्सिलच्या मागच्या रबराने हळूच दाताच्या बाजूला वळवून बघा. पक्कड आणायची नाही. आमच्याकडे कूलर दुरुस्त करणारे एक काका पक्कड घेऊन आलेच होते, आणा तोंड इकडे म्हणत, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. तोंडात फोड आला तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पूर्ण निघालेलं ब्रॅकेट फेकू नका, पुडीत बांधून ठेवा. पोटात गेलं तर सहसा शौचावाटे निघून जातं, पण ठसका लागून खोकला थांबत नसेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर दाताच्या डॉक्टरची वाट न बघता सरळ सरकारी दवाखाना. गाल सुजला, ताप आला तरी थांबायचं नाही.

पण या सगळ्याच्या आधीचं काम तारखेचं आहे. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधीची तारीख मागून घ्या, सगळे ब्रॅकेट घट्ट आहेत का बघून घ्या, मेणाची एक डबी जास्तीची मागा. तार टाईट केल्यावर दोन-चार दिवस दात ठणकतात, तर ते ठणकणं लक्ष्मीपूजनाच्या दिवशी येणार नाही असं बघा. आणि तालुक्यातल्या सगळ्या दातांच्या दवाखान्यांना हात जोडून विनंती, की सुट्टीत कोणत्या दिवशी कोण आहे अन फोन कोण उचलेल याचा एक कागद दाराला लावा आणि पोरांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. आम्ही एकदा बंद शटर पाहून आलो आहोत, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. कोणत्या दवाखान्याचं ते सांगत नाही, भांडण नाही आपलं.

नातेवाइकांचं काय करावं हे मला अजून सुधरलं नाही. "खाय वं बाई, एका चकलीनं काय होते" असं आजी प्रेमाने म्हणते, नाही म्हटलं तर "तुह्या मायनं शिकवलं काऊन" असं पोरीला ऐकावं लागतं, आणि आत्या म्हणते फोटोपुरती तार काढून टाक ना, जसं काही चष्मा आहे. मी आता जाईन त्या घरी आधीच बेसनाच्या लाडवाचा डबा घेऊन जाते आणि म्हणते हिला हाच द्या. थोडं वाईट वाटतं लोकांना, पण भागतं.

ज्यांची तार निघाली आहे आणि रिटेनर (दात जाग्यावर राहावे म्हणून नंतर घालायचा, काढता-घालता येणारा साचा) आहे त्यांनी जेवताना रिटेनर डबीतच ठेवायचा. लग्नाच्या पंगतीत कागदात गुंडाळून पत्रावळीजवळ ठेवलेला रिटेनर पत्रावळीसोबत उचलला जातो, मग उकिरड्यावर शोधत बसा. गरम पाण्याने धुवू नका, वाकतो. तार निघाल्यावर रिटेनर घातला नाही तर दात परत सरकतात हे डॉक्टर सांगतात पण पोरं ऐकत नाहीत.

तर संपादक साहेब, पुढच्या पानात एवढं करा. एका तारेच्या डॉक्टरला विचारून आपल्या खाण्याची यादी छापा, आपल्या नावांनी. भुलाबाईच्या आधी छापा, दिवाळीच्या दिवशी छापून उपयोग नाही तेव्हा चकल्या तळून झालेल्या असतात. तुळशीच्या लग्नाला बोरं, ऊस, चिंच असतं, ते पण त्यात घ्या, बोराच्या आठोळीने ब्रॅकेट गेलेलं मी पाहिलं आहे. संक्रांतीला वेगळी यादी लागेल, तिळाच्या लाडवासाठी साधा गूळ वापरा चिक्कीचा नको हे त्यात पहिलं लिहा, आणि बोरन्हाणाला खाली पडलेल्या रेवड्या, हलवा तारेच्या ताई-दादांनी वेचून लहानांना वाटून द्यावा.

आपली,
एक वाचक, अंगणवाडी सेविका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ